पोच मिळाली नाही

भाऊसाहेब इंगवले सकाळी साडेआठला आले ते हातात पक्कड घेऊनच.

"शरयूबाई, टाकीवरून खाली आलेली ही तार कुणाची?"

"माझी."

"अर्ध्या तासात उतरवा. नाहीतर मी तोडतो."

"तोडा. पण तहसीलदारबाईंना विचारून तोडा. त्यांच्या परवानगीनं बांधलीय."

भाऊसाहेबांनी रेनकोटाची टोपी मागे सारली आणि तारेकडे पाहिलं. माजघरात साप निघाल्यावर माणूस बघतो, तसं. ते आंबेखिंडीचे नगराध्यक्ष. सहा वर्षांपूर्वीच्या पुरात विजेची तार तुटून गुडघाभर पाण्यात पडली आणि त्या पाण्यातून चालणारी अकरा माणसं जागच्या जागी गेली. त्यातला एक भाऊसाहेबांचा धाकटा भाऊ होता. त्याच वर्षी त्यांनी शपथ घेतली, की या गावाच्या डोक्यावर पुन्हा तार दिसणार नाही. आणि ती पाळली. २०४३ साली आंबेखिंडीत विजेचा एकही खांब नव्हता. गावातलं शेंबडं पोरही तार पाहिली की ओरडायचं.

अशा गावात शरयू हर्डीकरांनी पाण्याच्या टाकीवरून नारळाच्या झाडापर्यंत वीस मीटर तांब्याची तार ताणली होती. त्यांचं वय त्रेसष्ट. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं काढली, आणि त्याहून जास्त वर्षं हौशी रेडिओवर. त्यांच्या लेकीला, सानिकाला, यातलं दुसरं मुळीच आवडत नसे. सानिका बिनतारी वीज कंपनीची इथली इंजिनिअर. टाकीच्या आवारातच तिची नियंत्रणखोली होती, आणि तिच्याच व्हरांड्यात आईनं आपला सेट, ट्रकची बॅटरी आणि मोर्सची कळ मांडली होती.

"आई, लोक मला बोलतायत," भाऊसाहेबांची पाठ वळताच सानिका म्हणाली. "तुझ्या छंदाला हीच जागा सापडली?"

"उंच जागा ही एकच आहे."

"आणि ऐकू काय येतंय? खरखर!"

हे मात्र खरं होतं.

बिनतारी वीज म्हणजे काही जादू नव्हे. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकेच ढकललं, तर तो उंच जातो. लय चुकली, तर जोर फुकट जातो. आंबेखिंडीतल्या प्रत्येक घराच्या जमिनीखाली तांब्याची वेटोळी होती आणि प्रत्येक दिव्यात, पंख्यात, शेगडीत तशीच छोटी वेटोळी. दोन्ही एकाच लयीत, सेकंदाला सदुसष्ट लाख ऐंशी हजार वेळा डोलत. लय जुळली, की मधल्या हवेतून वीज पोचे. ओल्या हातानं बटण दाबलं, तरी झटका नाही. गावकऱ्यांनी त्या वेटोळ्यांना नारळ वाहिले होते, त्यात नवल नव्हतं.

पण हौशी रेडिओवाल्यांचा जुना पट्टा सत्तर लाखांपासून सुरू होतो. म्हणजे अगदी शेजारीच. कंपनीनं बसवलेली यंत्रं स्वस्तातली. ती आपल्या लयीत डोलताना दोन्ही अंगांना घाण उडवत. जत्रेच्या कर्ण्याशेजारी उभं राहून पलीकडच्या डोंगरावरची कुजबूज ऐकायची, तशी शरयूबाईंची गत झाली होती. त्या बोलू शकत होत्या. ऐकू शकत नव्हत्या.

आणि आज दुसरं काहीच चालत नव्हतं. ऑक्टोबरातलं चक्रीवादळ तिसऱ्या दिवशीही घाटावर ठाण मांडून होतं. काचतंतूची केबल दरडीत गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. उपग्रहाच्या लहरी फार बारीक. इतक्या दाट पावसात त्या वाटेतच जिरत. शरयूबाईंच्या लांब लहरींना पावसाचं सोयरसुतक नव्हतं. त्या सरळ वर जात, आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटत आणि कारंज्याच्या पाण्यासारख्या डोंगराच्या अल्याडपल्याड पडत. डोंगरापल्याड होती सोंडेवाडी, आणि तिथून दोन दिवस कसलीच खबर नव्हती.

"तिथे विश्राम पोतनीस आहे," शरयूबाईंनी व्हरांड्यात आलेल्या तहसीलदार रुबिना काझींना सांगितलं. "जिवंत असेल, तर दर तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्याला हाक मारतोय. पूर्वी समुद्रावर सगळी जहाजं त्या वेळी तीन मिनिटं गप्प बसायची. बुडणाऱ्याचा आवाज ऐकू यावा म्हणून. विश्राम अजून ते पाळतो."

"तुमचे मित्र?"

"छे. नऊ वर्षांत एक शब्द बोललेलो नाही. एका सरावात मी माझी पाळी सोडून मध्ये बोलले, म्हणून त्यानं तक्रार केली आणि माझा परवाना तीन महिने निलंबित करवला. पण वेळ चुकवणारा माणूस नाही तो. मला गाव तीन मिनिटं गप्प हवंय."

"गप्प म्हणजे?"

"वीज बंद."

त्यांच्यासोबत परतलेले भाऊसाहेब उसळले. "आणि माझ्या घरात काय आहे माहितीये ना? लीलाच्या छातीत पंप आहे. गादीखालच्या वेटोळ्यावर चालतो. आतली बॅटरी जेमतेम नऊ मिनिटं."

"तीनच मागतेय."

"माझ्या बायकोची तीन मिनिटं मागायला तुम्ही कोण?"

रुबिना काझींनी घड्याळ पाहिलं. "दहा वाजता. तीन मिनिटं. भाऊसाहेब, मी जबाबदार."

दहाच्या ठोक्याला सानिकानं मुख्य दांडा खाली ओढला. कानातली ती अखंड खरखर एकदम गेली, आणि शरयूबाईंना बारीक, स्वच्छ कडकट्ट ऐकू आलं. विश्रामच! लिहिण्याचं वळण ओळखू यावं, तशी त्याच्या हाताची लय त्यांनी ओळखली. बोटं कळेवर गेली आणि चाळीस वर्षांची सवय आपोआप धावू लागली: आधी त्याचं सांकेतिक नाव दोनदा, मग स्वतःचं, मग आवाज कसा येतोय त्याचे आकडे. त्यानंही तेच केलं. तोही तितकाच मुरलेला. आकडे पोचल्याची पोच. पोचेची पोच. तीन मिनिटं झाली. खरखर परत आली.

"काय म्हणाले?" काझींनी विचारलं.

शरयूबाईंनी कळेवरून हात काढला. "आवाज चांगला येतोय, म्हणाला."

मग भाऊसाहेब हसले, फार वाईट हसले. "ऐकलंत मॅडम? माझी बायको पाण्याबाहेरच्या माशासारखी छताकडे बघत पडली होती, आणि हे दोघं एकमेकांना नमस्कार-चमत्कार करत होते!"

"आई," सानिका हळूच म्हणाली, "तू खरंच फक्त एवढंच केलंस?"

खरखरीतच शरयूबाईंनी कळ हाती घेतली आणि पलीकडे शांतता आहे, त्याला ऐकू जाईल, या भरवशावर पाठवलं: 'तीनच मिनिटं मिळतात. नावं नकोत. साडेदहाला थेट संदेश.'

साडेदहाची तीन मिनिटं काझींनी भाऊसाहेबांशी भांडून मिळवली. या वेळी विश्रामनं वेळ दवडला नाही. 'क्रमांक एक. त्रेचाळीस माणसं शाळेत. सहा जखमी. अन्न संपलं. गाड्या पाठवा.' शरयूबाईंनी शब्द न् शब्द परत पाठवला. तसा त्याचा नियमच होता. आधीच्या संदेशाची पोच मिळाल्याशिवाय तो पुढचा हातात घेत नसे. 'बरोबर,' त्यानं कळवलं. 'क्रमांक दोन. तातडीचा.' आणि खरखर आली.

व्हरांड्यात मात्र आनंद झाला. त्रेचाळीस माणसं जिवंत! काझींनी तयार ठेवलेल्या तीन बस पावणेअकराला सोडल्या. रस्ता एकच: खिंडीपर्यंत चढ, मग नवा बोगदा, पलीकडे सोंडेवाडी. पोलिसांचा वायरलेस खिंडीपर्यंतच चाले.

"मॅडम, दुसरा संदेश राहिलाय," शरयूबाई म्हणाल्या.

"गाड्या मागितल्या, गाड्या गेल्या. आणखी काय असणार?"

"विश्राम 'तातडीचा' हा शब्द उगाच वापरत नाही."

"मग तातडीचा आधी का नाही पाठवला?"

"क्रमांक दोन होता म्हणून," शरयूबाई म्हणाल्या, आणि ते शब्द स्वतःलाच किती वेडगळ वाटले. "पहिला काल लिहिलेला असणार. पाळी सोडायची नाही, हे त्याच्या हाडात आहे."

भाऊसाहेबांनी घरून निरोप आणला होता. लीलाक्कांच्या मनगटावरच्या पट्टीवर आतल्या बॅटरीची दोनच मिनिटं उरली होती. बॅटरी जुनी, एकदा उतरली की भरायला चार तास. रुग्णालय नदीपलीकडे, आणि नदी पुलावरून वाहत होती. "आता वीज बंद केलीत, तर सरळ खून होईल," ते म्हणाले. "आणि तो मी होऊ देणार नाही. सानिका, दांड्याला हात लावशील तर याद राख."

काझींनी दांडा ओढायला सांगितलं नाही. त्यांचंही बरोबर होतं. एका बाजूला समोरची बाई, दुसऱ्या बाजूला एक न ऐकलेला संदेश.

शरयूबाई आपल्या सेटकडे बघत राहिल्या. हा सेट म्हणजे तरी काय? सत्तर लाखांच्या आसपास डोलणारी वीजच. सदुसष्ट लाख ऐंशी हजार हाकेच्या अंतरावर. सेटच्या आतला एक चिमुकला डायोड त्याला पट्ट्याबाहेर जाऊ देत नाही. तो कापला, तर जातो. त्यानंतर परवानाही जातो, तो वेगळा.

"लीलाक्कांचा पंप मी चालवते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माझ्या सेटवर. वेटोळं मी बनवते. बारा वॅट पुरे होतात. माझा सेट तुमच्या यंत्रांसारखी घाण उडवत नाही, त्यामुळे ऐकायलाही अडचण नाही. ऐकायला माझ्याकडे दुसरा छोटा सेट आहे."

"आणि बोलायला?" सानिकानं विचारलं.

"बोलता येणार नाही."

भाऊसाहेबांच्या घरात त्या शिरल्या, तेव्हा हातात तांब्याच्या तारेचं भेंडोळं होतं आणि मागून सानिका सेट आणि बॅटरी आणत होती. दारातच भाऊसाहेब आडवे झाले. "माझ्या घरात तार येणार नाही. माझ्या भावाला तारेनं खाल्लंय."

आतून खोल गेलेला आवाज आला. "येऊ द्या तिला."

"लीला, तू बोलू नकोस."

"मीच बोलणार. छाती माझी आहे." लीलाक्का उशीला टेकून बसल्या होत्या, ओठ निळसर. "शरयू, मरेन का गं मी?"

"माहीत नाही, लीलाक्का. हिशेब बरोबर आहे. हिशेब करणारी मी आहे."

"म्हणजे झालं कल्याण! बांध."

शरयूबाईंनी गादीखाली सात वेढ्यांचं वेटोळं बसवलं, डायोड कापला, लय जुळवत आणली. सानिका पट्टीवर डोळे लावून बसली. मग ती म्हणाली, "चढतंय. आई, चढतंय!" मागच्या दोन वर्षांत तिनं आईला इतक्या मोठ्यानं हाक मारली नव्हती. भाऊसाहेब भिंतीला टेकून उभे होते, हातातली पक्कड घट्ट धरून.

जुळणी करण्याआधीच शरयूबाईंनी व्हरांड्यातून विश्रामसाठी शेवटचं पाठवलं होतं: 'साडेअकराला मी ऐकणार, बोलणार नाही. पोचेची वाट न बघता दोन क्रमांक पाठव. दोनदा पाठव.' त्यानं ऐकलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. आणि ऐकलं असलं, तरी तो आंधळेपणानं पाठवेल? उभ्या आयुष्यात त्यानं कधी पाठवलं नव्हतं. शिवाय सांगणारी कोण, तर पाळी मोडणारी शरयू हर्डीकर.

"अजून एक ऐक," टाकीपाशी परतल्यावर दांड्यावर हात ठेवून सानिका म्हणाली. "पाच मिनिटांपुढे गेलं, तर यंत्रणा स्वतःला कुलूप लावते. उघडायला मुख्यालयाची परवानगी लागते, आणि मुख्यालयाला फोन लागत नाही. पाचव्या मिनिटाला मी दांडा वर करणार."

साडेअकरा. दांडा खाली. शांतता.

नुसती शांतता. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. शरयूबाईंना वाटलं, संपलं. तो पोचेवाचून हलणार नाही. पलीकडे तो हात कळेवर ठेवून बसलाय, हे त्यांना जणू दिसत होतं. तिसऱ्या मिनिटाला कडकट्ट सुरू झालं. फार सावकाश, एकेक अक्षर दगडासारखं ठेवत. 'पोचेविना पाठवतो आहे. जबाबदारी तुझी. क्रमांक दोन. बोगद्याच्या आमच्या बाजूच्या तोंडावर—'

"आई, साडेचार मिनिटं."

'—डोंगर सरकतो—'

"आई, पाच होतायत!"

शरयूबाईंनी डावा हात वर केला. थांब. उजवा लिहीत होता. सानिकाचा हात दांड्यावर पांढरा पडला. खोलीत कुठेतरी चिमुकला दिवा हिरव्याचा लाल झाला, आणि तिनं दांडा वर केला नाही.

'—गाड्या बोगद्यात आणू नका. आम्ही सर्व जुन्या पायवाटेनं खाली येतो. तुमच्या बाजूच्या पठारावर भेटा.'

अकरा छत्तीसला काझींनी वायरलेस तोंडाशी धरला. "खिंड, खिंड, गाड्या जिथे असतील तिथे थांबवा!" पहिली बस बोगद्यापासून दोन वळणं अलीकडे होती. बारा वाजून दहा मिनिटांनी खिंडीतून हवालदाराचा आवाज आला, बदललेला: "मॅडम... पलीकडचं तोंड बंद झालंय. सगळा डोंगर आत आलाय."

व्हरांड्यात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गावाची वीज गेली होती आणि कुलूप उघडत नव्हतं. लोक आवाराबाहेर जमून ओरडत होते. कुणी म्हणालं, मायलेकींनी मिळून गाव अंधारात घातलं. कुणीतरी चप्पल भिरकावली; ती सानिकाच्या पाठीला लागली. ती वळली नाही. कुलपाच्या आकड्यांशी झगडत राहिली.

शरयूबाई भाऊसाहेबांच्या दारात गेल्या. "मला सेट दहा मिनिटं हवाय. टाकीपाशी न्यायचा, तारेला जोडायचा, एक अक्षर पाठवायचं. पोच. फक्त पोच."

"दहा मिनिटं. आणि पट्टीवर किती आहेत?"

"तीन."

"मग?"

"भाऊसाहेब, त्याला माहीत नाही गाड्या थांबल्या की नाही. तो आणि ती त्रेचाळीस माणसं तो पडलेला डोंगर बघतायत."

"तुमच्या बसमधली माणसं वाचली. आता ही माझी." त्यांनी दार अर्धं लोटलं. "सेटला हात लावायचा नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. शरयूबाई पायरीवर बसल्या. आतून पंपाची मंद घरघर येत होती. दुपारी दोन वाजता सानिकानं कुलूप तोडलं आणि वेटोळी पुन्हा जागी झाली, तोवर सोंडेवाडीची माणसं पायवाटेवर होती आणि विश्रामचा सेट पोत्यात बांधलेला होता. आता पोच पाठवून ऐकणारं कुणी नव्हतं.

तीन वाजता बस पठारावरून परत आल्या. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. काझी दारात उभ्या राहून माणसं मोजत होत्या आणि मोजता मोजता रडत होत्या. शेवटच्या बसमधून विश्राम पोतनीस उतरला. सत्तरीचा, काटकुळा, कपाळावर चिंधी, खांद्यावर पोतं. नऊ वर्षांत तो म्हातारा झाला होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ शरयूबाईंपुढे येऊन उभा राहिला.

"एक अक्षर," तो म्हणाला. आवाज बसला होता. "एक! मी अकरा छत्तीसपासून कान लावून बसलो. बारा दहाला डोंगर खाली आला आमच्या डोळ्यांदेखत. पोरं विचारायला लागली, काका, आत बस होत्या का? मी सांगितलं, नव्हत्या. मला काय माहीत होतं? खोटं बोललो. दोन तास चालताना, प्रत्येक वळणावर खोटं बोललो. पायवाट पठारावर उतरली आणि बस दिसल्या, तोपर्यंत मी... तुला कळतंय का तू काय केलंस?"

"कळतंय," शरयूबाई म्हणाल्या.

"आयुष्यात एकदा नियम मोडला. तुझ्या शब्दावर! आणि तू अशी वागलीस. तू तेव्हाही तशीच होतीस."

शरयूबाईंच्या ओठांवर सगळं आलं होतं: पंप, डायोड, पट्टीवरची तीन मिनिटं. पण या माणसापुढे ती सबबच वाटली असती.

"ओ," मागून आवाज आला. भाऊसाहेब इंगवले. एका जखमीची खाट धरून उभे होते. तोंड नेहमीसारखंच आंबट. "सेट माझ्या घरात होता. माझ्या बायकोच्या गादीखाली, तिच्या छातीतला पंप चालवत. बाई मागायला आल्या होत्या, मी दिला नाही. भांडायचं असेल तर माझ्याशी भांडा. आणि आत्ता नको, आत्ता ही खाट जड आहे."

एवढं बोलून ते खाट घेऊन पुढे गेले.

विश्रामनं खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं, खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली आणि पेन्सिल शोधली. शरयूबाईंकडे न बघताच विचारलं:

"क्रमांक दोन मिळाला?"

"मिळाला."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"किती वाजता?"

"अकरा छत्तीस."

त्यानं ते लिहिलं. पेन्सिलीचं टोक ओल्या कागदात रुतत होतं, तरी आकडे नीट काढले. त्याखाली आत्ताची वेळ लिहिली, तीन वाजून बारा मिनिटं.

"पोच तीन तास छत्तीस मिनिटं उशिरा," तो म्हणाला. "हे असंच कळवणार आहे मी वर. आणि तो सेट पट्ट्याबाहेर चालवलास, तेही."

"कळव."

विश्रामनं वही मिटली. पोतं उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. पाठ धरली होती. शरयूबाईंनी पोत्याचं दुसरं टोक धरलं. एकमेकांकडे न बघता दोघांनी ते व्हरांड्यापर्यंत नेलं.